सहाशे एकसष्टावा दगड

या, बसा असं टेकून. चा उकळतोय तवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका आकड्याची हाय. आकडा म्हणलं की तुमचा हात खिशाकडं जाईल, पर पैशाचा न्हाय ह्यो. ह्यो आकडा असा हट्टी निघाला, की त्येच्यापायी एका म्हातारीचा जीव टांगणीला लागला आन् समद्या गावाला इचार करत बसावं लागलं. म्हातारीचं आधी सांगतो, आकडा मागनं येईल.

म्हातारीचं नाव अक्काबाई. पळसदेवच्या अलीकडं उजनी धरणाच्या पाण्याकाठी एक गाव हाय, त्या गावची. गाव तसं दुसऱ्यांदा वसलेलं. पैलं गाव धरणात गेलं, तवा माणसं भांडीकुंडी, कवाडं, आढी, जे उचललं ते घिऊन माळावर आली. जोती तेवढी खाली ऱ्हायली. जोतं कोण उचलणार?

मग नव्वदच्या म्होरं एका उन्हाळ्यात पाणी लई मागं सरलं. पळसदेवचं जुनं देऊळ वर आलं, आन् हिकडं जुन्या गावाची जोतीबी दिसाय लागली. माणसं चिखलात उतरून आपापलं घर हुडकू लागली. ही आमची वसरी, ही न्हाणी, हितं म्हस बांधायचो, असं नातवंडांना दाखवायची. नातवंडं त्या गावात जन्मलीच नव्हती. ती आपली मान हलवायची.

तवा दत्तोबा तात्यानं गाव गोळा केलं. तात्या उसाचा बागायतदार, कारखान्याच्या मीटिंगा करून करून आवाज मोठा झालेला. म्हणला, "पाणी पुन्यांदा येणार. त्येच्या आत परत्येक चुलीनं आपल्या जुन्या घराचा एक दगड वर आणायचा. एक चूल, एक दगड. बाजीरावाकडनं समदे एका मापात घडवून घिऊ आन् पाण्याकडं तोंड करून कट्टा बांधू. ज्येला जुनं गाव आठवंल त्येनं तितं जाऊन बसावं."

लोकांना पटलं. तात्यानं वर नेमबी घातला. "खाणीतला इकतचा दगड ह्यात चालणार न्हाय. ज्या दगडामागं चूल न्हाय, त्यो कट्ट्यात न्हाय. आन् कुणाचाबी दगड फोडून आर्धा करायचा न्हाय. चौकोनी, भरीव, चारी बाजूनं सरळ कट्टा पायजे मला."

ह्यो नेम ध्यानात ठेवा. पुढं त्योच त्येला आडवा आला.

बाजीराव गवंडी लिंबाखाली बसून दगड घडवाय लागला. हातभर लांब, वीतभर जाड. जसं पाणी सरकंल तसे दगड यायचे. तात्याची आळी उंचावर, ती आधी उघडी पडली. मग मधलं गाव. मग उतारावरची घरं, आन् समद्यात शेवटी नदीकडची बौद्धवस्ती. बाजीराव ज्या त्या वक्ताचे दगड ज्या त्या थप्पीला लावायचा. दगड यायचे थांबले तवा मोजले, तर सहाशे साठ भरले.

तात्या खूश. वीस लांब, अकरा रुंद, तीन थर. एक कमी न्हाय, एक जास्ती न्हाय. कुणीतरी इचारलं, वरच्या थराला कुणाचे दगड? तात्या म्हणला, "त्यात काय इचारायचं? आधी आले ते वर, मागनं आले ते खाली."

बोलण्यात खोट नव्हती. पर त्या हिशेबानं नदीकडच्या वस्तीचे समदे दगड तळात जाणार, आन् तळातला दगड एकदा बसला की कुणाला दिसत न्हाय. हे समद्यांना कळलं आन् कुणीच बोललं न्हाय. अक्काबाईचा ल्योक समाधान, इंदापूर डेपोला कंडक्टर, त्योबी कमिटीत व्हता. त्येनंबी मान हलवली.

आन् अक्काबाईचा दगड तर आलाच नव्हता.

तिचं घर वस्तीतबी समद्यात खाली, नदीला चिटकून. मातीचं घर, त्येला जोतं असं नव्हतंच. सबंध घराला दगड एकच, दाराम्होरचा. छप्पन साली दीक्षा घेतली, तवा समाधानच्या बानं पैलं काम कुठलं केलं असंल, तर ओढ्यातनं त्यो काळा दगड खांद्यावर घालून आणला आन् दारात बसवला. म्हणला, "आता आपल्याबी दाराला पायरी हाय." त्या पायरीवर बसून अक्काबाईनं जोंधळं निवडलं. समाधान तिला धरून उभा ऱ्हायला शिकला. आन् गाव सोडायच्या आधल्या साली समाधानचा बा वारला, तवा त्येला भाईर काढला, त्योबी तिच्यावरनंच.

ती पायरी अजून पाण्यात व्हती. सून म्हणायची, "आत्या, वस्तीच्या हिरीचा एखादा दगड घ्या की आपल्या नावाचा. कोण बघतंय?"

"हिरीवर काय मी सैपाक केला व्हता व्हय गं?"

रोज उन्हं उतरली की म्हातारी पाण्याकडंला जाऊन बसायची. घरची माणसं म्हणायची खुळी झाली. ती नुसती पाण्याकडं बघायची, भाकरी तव्यावर टाकून बघावी तसं.

कट्ट्याची आखणी झाली, आन् मग कुठं पायरी दिसली. शेवाळ धरलेली, पर तीच. बसून बसून मधी खळगा पडलेला, त्येच्यात तिनं हात घालून बघितला. मग बाजीरावाची गाडी मागून घेतली आन् दगड लिंबाखाली आणला.

तात्या दोरी लावत व्हता.

"तात्या, ह्यो माझा."

"आता गं, अक्काबाई? समदं मोजून झालं की."

"पाणी मला इचारून सरतंय व्हय?"

माणसं हसली. तात्याबी हसला. बाजीरावाला म्हणला, "घाल कुठंतरी. एकानं काय हुतंय?"

"कुठं घालू?" बाजीरावानं टोपी मागं सारली. "वीस, अकरा, तीन. भरलं. ह्यो उरतोय."

"मग रुंदी बदल."

बाजीरावानं मातीत खडं मांडून बघितलं. वीसाचं बावीस केलं, रुंदी कमी केली, थर दोन केले, एक केला. कशानंबी चौकोन भरंना. कुठं एक उरायचा, कुठं अकरा, कुठं पंधरा. शेवटी खडं टाकून दिलं. "तात्या, ह्येच्यात कायतरी बाधा हाय. कुठलाबी आकडा कुठंतरी बसतो. ह्यो कुठंच बसंना."

"मग खाणीतनं आणू का वर दहा-अकरा?" कुणीतरी बोललं.

"न्हाय. नेम म्हंजे नेम." तात्यानं वाईच इचार केला. "असं करू. हिचा दगड कट्ट्याच्या बाजूला ठिऊ. चढायला पायरी हुईल. चपला काढायलाबी बरी."

अक्काबाई म्हणली, "पायरीच व्हती ती, तात्या. पर माझ्या दाराची."

आन् ती घराकडं वळली. पर लिंबाखाली कुणाचं तोंड वर हुईना.

घरी आल्यावर समाधान म्हणला, "आये, ऱ्हाऊ दे. आपल्याच दारात बसवू की. रोज बसत जा."

"दारात मी हायच रं. त्येच्यासाठनं पाण्याकडं डोळं लावून बसले व्हते काय?" म्हातारीचा आवाज बारीक झाला. "त्या गावात आमी गावाच्या भाईर व्हतो. ह्या कट्ट्यात तरी मला गावात बसायचं हाय."

समाधान उठून भाईर गेला. मान आपणच हलवली व्हती, आता बोलायचं कुठल्या तोंडानं?

प्रियदर्शनी, समाधानची पोरगी, बारामतीला कॉलेजात गणित शिकत व्हती. कन्हेरीला मावशीकडं ऱ्हायची. सुट्टीची आली ती बापाच्याच येष्टीतनं, आन् वाटंतच त्येनं तिला समदं सांगितलं व्हतं. आल्या आल्या पिशवी टाकली आन् म्हणली, "आज्जी, चिंचोकं हायत का?"

"एवढं शिकून चिंचोकं खेळतीस व्हय?"

पर डबा काढून दिला. दोघी अंगणात बसल्या. पोरीनं समदं सहाशे एकसष्ट चिंचोकं मोजून सुपात घेतलं आन् रांगा लावाय लागली. दोन दोनाच्या लावल्या, एक उरला. तीन तीनाच्या लावल्या, एक उरला. पाच पाचाच्या, तरी एक. अकराच्या लावल्या, तरी एक.

"सहाशे साठ लई गुणाचा आकडा, आज्जी. कशातबी बसतो. दोनात, तिनात, चारात, पाचात, दहात, अकरात. आन् त्येच्यात एक मिळवला की झालं. ज्या ज्या मापात त्यो बसत व्हता, त्या परत्येक मापात ह्येचा एक उरतो."

"आन् त्यो मी."

पोरीनं रांगा मोडल्या. मग सातानं लावलं, तीन उरलं. तेरानं, सतरानं, एकोणीसनं, तेवीसनं. कधी अकरा, कधी पंधरा, कधी सतरा, पर उरलंच. तितं ती थांबली.

"पुढं बघ की," अक्काबाई म्हणली.

"पुढं बघायचं कामच न्हाय. पंचवीस पंचवीसं सव्वासहाशे. सव्वीस सव्वीसं सहाशे शहात्तर, म्हंजे ह्येच्या वर गेलं. चौकोनाच्या दोन्ही बाजू सव्वीसच्या नायतर त्येच्या वरच्या हुऊ शकत न्हाईत. एक बाजू तरी पंचवीसच्या आतली पायजेच, आन् आतलं समदं बघून झालं. चार बघितलं न्हाय म्हणशील, तर जिथं दोन बसंना तिथं चार कसा बसंल? आमच्यात अशाला मूळ संख्या म्हंत्यात. ह्येला कुणीच भागू शकत न्हाय."

"मंजी बाधाच म्हण."

"बाधा कसली? त्यो तसाच असतो. कुणी केला न्हाय, कुणाला मोडता येत न्हाय." पोरीनं उरलेल्यातला एक चिंचोका उचलला आन् आज्जीच्या हातावर ठेवला. "सांग बरं, ह्यो कुठला?"

"उरलेला."

पोरीनं त्यो सुपात टाकला, समदं चिंचोकं हातानं कालवलं आन् पुन्यांदा अकराच्या रांगा लावल्या. शेवटाला एक उरला. "आता ह्यो कुठला? मघाचाच का दुसरा?"

अक्काबाईनं उलटा पालटा करून बघितला. वळखायला येण्यासारखं कायबी नव्हतं.

"उरतो एक, हे आकड्याचं काम. कुठला उरायचा, ते आकडा सांगत न्हाय, आज्जी. ते माणसं सांगत्यात."

म्हातारीनं त्यो चिंचोका मुठीत धरला. मग म्हणली, "उद्या लिंबाखाली चल माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली गाव गोळा झालं. तात्याची बायको दगडाबाईबी आली व्हती, पाण्याची कळशी घिऊन. पोरीनं बाजीरावाच्या खड्यांवर समदं दाखवलं. तात्यानं ऐकलं आन् म्हणला, "मंजी माझं खरंच ठरलं की गं. एक भाईर काढला तरच कट्टा हुतोय."

"व्हय तात्या. एक काढला की हुतोय."

"मग झालं तर."

तवा अक्काबाई म्हणली, "कुठला एक, तात्या?"

"अगं, तुझा मागनं आला..."

"माझा मागनं आला, कारण माझं घर खाली व्हतं. खाली मी माझ्या हौसेनं न्हवते बांधलं. उरतो त्येच्यावर नाव नसतं म्हणती ही पोरगी. माझं नाव तुमी घातलं." तिनं थप्प्यांकडं हात केला. "काढा की कुठलाबी एक. तुमचा काढा."

तात्याचं तोंड लाल झालं. त्यो बोलायच्या आधी दगडाबाई बोलली. "ती बराबर बोलतीया. बाजीराव, माझ्या चुलीचा दगड काढा भाईर. अक्काबाईचा घाला."

"घरातला दगड भाईर?" तात्या वरडला. "कारभारीण हायस का कोण?"

"चुलीम्होरं मी बसले का तुमी? माझा दगड हाय, मी काढीन. बाजीराव, कुठला त्यो?"

बाजीराव थप्पीपशी गेला, दोन-चार दगडांवर हात फिरवला आन् परत आला. "वहिनी, पैल्या थप्पीत हाय. पर कुठला ते कसं सांगू? तात्यांनीच सांगितलं, समदे एका मापात घडव. आता कुणाचा कुठला, मलाबी वळखू येत न्हाय."

"कुठलाबी काढा. त्यो माझा."

अक्काबाई उठली. डोळ्याला पदर लावलेला. "न्हाय दगडाबाई. तुमचा निघत असंल तर मला माझाबी नगं. दुसऱ्याची चूल इझवून मी बसणार न्हाय. माझाबी काढा."

"माझा निघालाच, तुमी कशाला काढताय?"

"मी काढला म्हंजे काढला."

प्रियदर्शनी तोंडावर हात धरून हसाय लागली. तात्या खेकसला, "हसायला काय झालं गं?"

"तात्या, दोघींनी काढलं तर सहाशे एकुणसाठ ऱ्हात्यात. त्योबी आकडा तसलाच हाय. त्येलाबी कुणी भागत न्हाय. दोघं जुळं भाऊ हायत, मधी एक सहाशे साठ सोडून. आता आजूनच जमत न्हाय."

समदं लिंब हसलं. बाजीराव तर खाली बसला. हसणं थांबलं तवा तात्याबी दगडावर टेकला आन् मांडीवर कोपरं ठिऊन थप्प्यांकडं बघत ऱ्हायला. त्या थप्प्यांत त्येचा बाप व्हता, आजा व्हता, त्यो जन्मला ती खोली व्हती. पर कुठल्या दगडात व्हती, ते त्येलाबी सांगता येत नव्हतं.

मग म्हणला, "पोरी, ह्यो आकडा कशातच बसत न्हाय का गं?"

"बसतो की, तात्या. एका ओळीत."

"एका ओळीत कायबी बसतं."

"व्हय. पर बाकीच्या आकड्यांना दुसऱ्याबी वाटा असत्यात. कुणाला म्होरं घ्या, कुणाला मागं घ्या, कुणाला खाली घाला. ह्येला तेवढी एकच वाट हाय."

तात्या उठला. लिंबाच्या बुंध्यापशी उभा ऱ्हाऊन पाण्याकडं बघितलं. हातभर लांबीचे सहाशे एकसष्ट दगड. ओळ लिंबापासनं निघाली की उताराला तिरपी लागून भरल्या धरणाच्या काठाला जाणार. त्येनं डोळ्यानं मापलं आन् कपाळाला आठ्या घातल्या.

"ती माझ्या उसातनं जाती."

"मग एक सरी मागं घ्या," दगडाबाई म्हणली. "धरणाला आख्खं गाव दिलं. एका सरीनं काय जातंय?"

तात्या दोरीकडं गेला. वाकून आखणीची दोरी सोडली, तिचा पीळ काढला आन् एक टोक बाजीरावाच्या हातात दिलं. दुसरं टोक घिऊन स्वताच उताराला चालाय लागला. उसाच्या कडंला पोचल्यावर थांबला न्हाय. सरीत पाय घातला आन् उभा ऊस बाजूला सारत म्होरं गेला.

मग बाजीरावानं खाली मुरूम-गोटं भरून बसायजोगी उंची केली आन् वर दगड बसवले, एकाला एक लावून. आधी आला, मागनं आला, कायबी धरलं न्हाय. थप्प्या मोडल्या आन् हाताला येईल त्यो घेतला. ना तळ, ना वरचा थर, ना मधी गाडलेला कुणी. समाधाननं दोन दिवस रजा टाकली आन् दगड वाहिले. कुणी सांगितलं नव्हतं त्येला.

अक्काबाईचा दगड तेवढा घडवला न्हाय. बाजीरावानं छिन्नी घेतली तशी ती म्हणली, "त्येला लोखंड लावू नगा. त्येच्यात खळगा हाय." न घडवलेला दगड मधी बसत न्हाय, म्हणून त्यो पाण्याकडच्या टोकाला बसवला. तिनंच मागून घेतलं ते टोक. तिचं घर तिकडंच व्हतं.

पाऊस वर घाटात झाला आन् पाणी परत आलं. आधी नदीकडची वस्ती गेली, मग मधलं गाव, मग तात्याची आळी. त्या दिवशी कुणी बोलावलं न्हाय, तरी समदं गाव त्या ओळीवर येऊन बसलं. उसवालं, वस्तीवालं, बायका, म्हाताऱ्या, ज्येला जितं जागा मिळाली तितं. ओळ तिरपी, तवा कुणाच्या म्होरं कुणाची पाठ नव्हती. समद्यांची तोंडं पाण्याकडं. दगडाबाई चालत चालत पार टोकाला गेली आन् अक्काबाईच्या शेजारी टेकली. पाणी वर यायलं, जोती एकेक करून दिसंनाशी झाली, आन् सहाशे एकसष्ट चुलींची माणसं बसून बघत ऱ्हायली.

अक्काबाई त्येच्यानंतर चार-दोन उन्हाळं त्या दगडावर बसली. मग गेली. समाधाननं तिला नेताना वाट वाकडी केली, आन् त्या टोकाला वाईच खाली टेकवून मग म्होरं नेली.

आता चा घ्या. आन् एक माझं ऐका. इंदापूरला उतरून कवा तिकडं गेलात, तर ती ओळ तुमाला दिसंल. गावातली पोरं तुमाला लिंबापासनं मोजून दाखवतील आन् म्हणतील, अक्काबाईचा दगड समद्यात शेवटचा. त्येंचं ऐकू नका. तुमी खाली पाण्याकडंला जावा, त्या खळग्यात हात ठिवा, आन् मोजणी तितनं सुरू करा.